मानेपासची सीमारेषा : भेडाघाटच्या योगिनी आणि रूपान्तराचा प्रश्न

जबलपूरपासून विसेक किलोमीटरवर नर्मदा पांढऱ्या कड्यांच्या खिंडीत शिरते. ह्या खिंडीचे चांदण्यातले सौंदर्य प्रवासवर्णनकारांनी इतक्या वेळा वर्णिले आहे की भेडाघाट म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे होडी, चंद्र आणि संगमरवर एवढेच उभे राहावे. पण त्याच घाटावरील टेकडीवर, शंभराहून अधिक पायऱ्या चढून गेल्यावर, दगडाचे एक वर्तुळ आहे. त्याला छप्पर नाही. त्याच्या आतल्या अंगाने ओवऱ्यांची रांग फिरते आणि प्रत्येक ओवरीत एक स्त्रीमूर्ती कमळावर बसलेली आहे. बहुतेक मूर्तींचे हात तुटलेले, नाके झिजलेली, स्तन छिन्न झालेले. तरीही जे उरले आहे ते पाहणाऱ्यास एका जागी थबकविते. कारण ह्या पुष्ट, अलंकृत, निःसंशय मानवी शरीरांपैकी काहींच्या खांद्यांवर सिंहाचे, वराहाचे, हत्तीचे वा घोड्याचे मस्तक आहे.

हे मस्तक तेथे कसे आले? ही स्त्री पशू होत आहे, की पशू स्त्री होत आहे, की ह्यांपैकी काहीच घडत नसून दोन्ही एकाच वेळी मुळापासून आहेत? प्रश्न मूर्तिशास्त्राचा दिसतो, परंतु तो तितकाच साहित्याचाही आहे. रूपान्तर ही मूलतः कथेतील घटना आहे. तिला आधी आणि नंतर लागते. दगडाला आधी-नंतर नसते. कथेतील घटना दगडात उतरते तेव्हा तिचे काय होते, हे पाहण्यासाठी भेडाघाटाइतके सोयीचे दुसरे स्थळ आपल्याकडे क्वचितच सापडेल. कारण येथे मूर्तींच्या आसनांवर त्यांची नावेही कोरलेली आहेत. शिल्प, नाव आणि ग्रंथ ही तिन्ही साक्षी एकत्र तपासण्याची संधी येथे मिळते.

प्रथम वास्तूविषयी जे निश्चित आहे ते सांगितले पाहिजे. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३–७४ च्या आपल्या मध्य प्रांतातील दौऱ्यात येथे आला आणि त्याने वर्तुळाचे माप घेऊन मूर्तींची यादी केली. आतला व्यास सुमारे ११६ फूट, बाहेरचा सुमारे १३० फूट. खांबांमधील घरे एकंदर चौऱ्यायशी. त्यांपैकी तीन वाटेसाठी मोकळी सोडलेली. म्हणजे मूर्तींसाठी उरली एक्यायशी. लोक ह्या स्थळाला ‘चौसष्ट योगिनी’ म्हणत आले आणि आजही म्हणतात, पण मोजणाऱ्याच्या हाती आकडा येतो तो एक्यायशीचा. ही विसंगती नजरचूक नव्हे. विद्या दहेजिया ह्यांनी योगिनीपंथावरील आपल्या १९८६ च्या ग्रंथात मतोत्तर तंत्राच्या आधारे दाखविले की एक्यायशींचे चक्र राजासाठी विहित मानले जाई. हे वर्तुळ राजाश्रयाने उभे राहिले असा त्याचा अर्थ होतो, आणि त्रिपुरीच्या कलचुरींची राजधानी, आजचे तेवर, येथून हाकेच्या अंतरावर आहे ही गोष्ट त्याला पोषकच आहे.

कालनिर्णयाचा आधार आसनांवरील अक्षरे. त्यांच्या वळणावरून बहुतेक अभ्यासक दहाव्या शतकाचा उत्तरार्ध, फार तर अकराव्याचा आरंभ, असा काळ देतात. राखालदास बॅनर्जी ह्यांनी १९३१ मध्ये त्रिपुरीच्या हैहयांवरील आपल्या प्रबंधात ह्या मूर्तींची सविस्तर नोंद केली. आणि १९५५ मध्ये महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी ह्यांचा कलचुरी-चेदि संवताच्या लेखांचा बृहत्संग्रह प्रसिद्ध झाल्यावर ह्या राजघराण्याचा कालक्रम प्रथमच भक्कम पायावर उभा राहिला. नागपुरात बसून एका मराठी पंडिताने त्रिपुरीच्या राजांना त्यांची वर्षे परत मिळवून दिली, ही मराठी विद्येच्या इतिहासातील अभिमानाची गोष्ट आहे. अंगणात मध्यापासून थोडे बाजूला असलेले गौरीशंकराचे मंदिर ह्या वर्तुळाहून उत्तरकालीन दिसते. कलचुरी संवत ९०७, म्हणजे इसवी सन ११५५ च्या सुमाराचा, गयाकर्णाची राणी अल्हणदेवी हिचा भेडाघाटचा लेख शिवमंदिराच्या स्थापनेविषयी बोलतो. त्याच्याशी ह्या मंदिराचा संबंध अनेकांनी जोडला आहे.

एक वाद येथे ओझरता उल्लेखून पुढे जाऊ. काकतीयांच्या काळातील मलकापुरम् येथील १२६१ चा लेख सांगतो की डाहल देशाच्या युवराज नावाच्या राजाने सद्भावशंभु ह्या शैव आचार्यास तीन लक्ष गावे दिली आणि त्याने गोळकी मठ स्थापिला. ‘गोळकी’ म्हणजे गोल, तेव्हा हे भेडाघाटचेच वर्तुळ, असे काहींचे मत. तर तो मठ रेवाजवळील गुर्गीचा, असे इतरांचे. निर्णय कोणताही लागो, आपल्या प्रश्नापुरती महत्त्वाची गोष्ट एवढीच की ह्या मूर्ती रानातल्या एकाकी साधकाने लपूनछपून घडविलेल्या नाहीत. त्यांच्यामागे राजकोश होता, शिकलेले कारागीर होते, आणि नावे कोरणारा अक्षरज्ञ लेखक होता.

ही गोष्ट ध्यानात ठेवणे जरूर आहे, कारण पशुमुखी मूर्ती दिसली की एक ठरीव उपपत्ती पुढे येते. ती अशी : हे वनवासी जमातींच्या कुलचिन्हांचे अवशेष होत, गोंड-बैगांच्या मुलखात हे घडले हा त्याचाच पुरावा. ह्या उपपत्तीत सत्याचा अंश नाही असे नव्हे. ग्रामदेवता आणि वनदेवता योगिनीपंथात सामावल्या गेल्या, हे दहेजिया ह्यांनीही मान्य केले आहे. पण ‘अवशेष’ हा शब्द फसवा आहे. तो समोरच्या मूर्तीकडे पाहण्याची गरजच संपवितो. मूळ अन्यत्र दाखविले की अर्थ सांगितल्यासारखे वाटू लागते. शिवाय पशुमुखी देवींची परंपरा ग्रंथांतही जुनी आहे. महाभारताच्या शल्यपर्वात स्कंदाच्या मातृगणांची जी लांबलचक यादी येते तिच्यात इच्छेनुसार रूप घेणाऱ्या आणि नाना मुखांच्या माता आहेत. सप्तमातृकांतील वाराही तर आपणा सर्वांच्या परिचयाची. म्हणजे कलचुरी शिल्पकारापुढे पशुमुख हा विषय नवा नव्हता. त्याने त्याचे काय केले, हा खरा प्रश्न आहे.

भेडाघाटच्या मूर्तींत पशू तीन ठिकाणी आढळतो. पहिले स्थान आसनाखालचे : देवीचे वाहन. ब्रह्माणीचा हंस, माहेश्वरीचा बैल, वैष्णवीचा गरुड, जाह्नवीचा मगर, यमुनेचे कासव ही सर्वसामान्य हिंदू दैवतशास्त्रातील ओळखीची चिन्हे. येथे पशू देवीचा सेवक आहे, तिची ओळख पटविणारा आहे, पण तिच्याहून वेगळा आहे. दुसरे स्थान नावातले. ‘ऋक्षिणी’ ह्या नावात अस्वल आहे, ‘जांबवी’ ह्या नावात जांबवानाची आठवण आहे, ‘फणेन्द्री’त फणा आहे. येथे पशू शब्दात शिरला आहे. आणि तिसरे स्थान मुखाचे. ‘सिंहसिंहा’ नावाच्या योगिनीला सिंहाचे मुख आहे आणि तिच्या नावात सिंह एकदा नव्हे तर दोनदा आला आहे, जणू नाव देणाऱ्याला एका उच्चाराने समाधान झाले नाही. उलट ‘ऐंगिणी’ ही गजमुखी आहे, पण तिच्या नावात हत्तीचा मागमूस नाही. म्हणजे पायाखालचा पशू, नावातला पशू आणि मुखावरचा पशू हे एकमेकांस बांधलेले नाहीत. कधी ते जुळतात, कधी जुळत नाहीत.

ह्या न जुळण्याचे सर्वांत बोलके उदाहरण भेडाघाटचे नसून बुंदेलखंडातील लोखरी येथील आहे. तेथील वृषानना योगिनीला महिषाचे मुख आहे आणि तिच्या पायाशी वाहन म्हणून हंस आहे. एकाच मूर्तीत दोन पशू, एक जड आणि एक हलका, एक मुखावर आणि एक पायाशी. वाहनाचे प्रयोजन केवळ ओळख पटविणे एवढेच असते, तर ज्या देवीचे मुखच तिची ओळख सांगते तिला वाहनाची गरज काय होती? ह्यावरून दिसते की मुख आणि वाहन ही शिल्पकाराच्या दृष्टीने दोन वेगळी विधाने होती. वाहन सांगते की ही देवी कशावर सत्ता गाजविते. मुख सांगते की ही देवी काय आहे.

आता ग्रंथांकडे वळू. काशीखंडात चौसष्ट योगिनींची जी नामावली आहे तिचा प्रारंभ गजानना, सिंहमुखी, गृध्रास्या, काकतुंडिका अशा नावांनी होतो. वास्तुशांतीच्या वा चंडीयागाच्या प्रसंगी योगिनीमंडल मांडून जेव्हा सुपाऱ्यांवर आवाहन केले जाते तेव्हा मराठी घरांतही ह्या नावांचा उच्चार होतो. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र त्या मुखांचे चित्र क्वचितच उभे राहत असेल. नामावलीइतकीच तिच्याभोवतीची कथा लक्षणीय आहे. दिवोदास राजाला काशीतून हुसकावण्यासाठी शिव योगिनींना धाडतो. त्या नगरात शिरतात त्या वेषान्तर करून : कोणी तापसी होते, कोणी माळीण, कोणी सुईण. कार्य साधत नाही, पण काशी इतकी आवडते की त्या तेथेच राहतात. येथे रूपान्तराची दिशा आपल्या अपेक्षेच्या नेमकी उलट आहे. जिचे नाव गृध्रास्या, ती माणसांत मिसळण्यासाठी माणसाचे मुख धारण करते. पशुमुख हे तिचे सोंग नाही. माणूसपण हे तिचे सोंग आहे.

दुसरा ग्रंथ अधिक महत्त्वाचा, आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने अधिक जवळचा. प्रबोधचंद्र बागची ह्यांनी १९३४ मध्ये नेपाळातील हस्तलिखितावरून प्रसिद्ध केलेला ‘कौलज्ञाननिर्णय’ मत्स्येन्द्राच्या नावावर आहे. ज्ञानेश्वरीच्या शेवटी जी गुरुपरंपरा सांगितली आहे, आदिनाथ, मत्स्येन्द्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ति, त्यातीलच हे नाव. ह्या ग्रंथाच्या तेविसाव्या पटलात प्रश्न असा आहे की योगिनी पृथ्वीवर कशा वावरतात. उत्तर असे की त्या गिधाड, हंस, घुबड, कोल्हा, शेळी, मांजर, वाघ, हत्ती, मोर अशा प्राण्यांच्या रूपाने हिंडतात. म्हणून हे प्राणी दिसले असता साधकाने त्यांच्याविषयी पूज्यभाव बाळगावा, अवज्ञा करू नये. ही शिकवण नुसती विलक्षण नाही, तर तिचे व्यवहारातील परिणाम दूरगामी आहेत. जो हे मानतो त्याच्यासाठी दारातील मांजर आणि झाडावरील घुबड ह्यांच्याकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. कोणता प्राणी नुसता प्राणी आहे आणि कोणता नाही, हे बाहेरून कळण्याचा उपाय नाही. तेव्हा सावधपणाने सर्वांशीच आदराने वागणे भाग पडते.

पण येथेच ग्रंथ आणि शिल्प ह्यांची फारकत होते. ग्रंथातील योगिनी संपूर्ण प्राणी होते, नखापासून शेपटीपर्यंत. भेडाघाटचा शिल्पकार तसे करीत नाही, आणि करूही शकला नसता. त्याने ओवरीत नुसते घुबड बसविले असते तर ते घुबडच राहिले असते. रूपान्तर पूर्ण झाले की ते दिसेनासे होते. आणि नुसती स्त्री बसविली असती तर तिच्यातील पशू झाकलेला राहिला असता. रूपान्तर दिसावयाचे तर ते कोठे तरी अडले पाहिजे. शिल्पकाराने ते मानेपाशी अडविले. मानेखाली स्त्री, मानेवर पशू. गळ्यातील हार आणि वक्षावर उतरणारे अलंकार ह्यांच्या गर्दीत तो सांधा झाकला जातो, आणि मागच्या प्रभावलयामुळे ते मस्तक, ते कोणाचेही असो, देवतेचेच मस्तक ठरते.

ह्या निवडीचे वैशिष्ट्य समजण्यासाठी एक दूरचे उदाहरण घेणे उपयोगी पडेल. कॅनडाच्या उत्तरेकडील इन्युइट लोकांच्या पाषाणशिल्पांत मनुष्य आणि प्राणी ह्यांचे परस्पर रूपान्तर हा एक प्रमुख विषय आहे. १९४८ मध्ये जेम्स ह्यूस्टन ह्या चित्रकाराने हडसन उपसागराच्या किनाऱ्यावरील वस्त्यांतील लहान कोरीव वस्तू पाहिल्या, १९४९ मध्ये मॉन्ट्रियल येथे त्यांचे विक्रीप्रदर्शन भरले, आणि पुढील दोन दशकांत केप डॉर्सेट, आजचे किंगाइत, हे गाव ह्या कलेचे जगप्रसिद्ध केंद्र झाले. ह्या शिल्पांत अस्वल दोन पायांवर उठून माणूस होऊ लागते, माणसाच्या हातांचे पंख होऊ लागतात, समुद्रदेवता सेडना अर्धी स्त्री आणि अर्धी जलचर असते. तिच्याच कथेत तिची तोडलेली बोटे सील आणि देवमासे होतात. ह्या समाजात अंगाकूक म्हणजे मांत्रिक-वैदू आपल्या साहाय्यक प्राण्याचे रूप घेतो अशी श्रद्धा होती. आणि आरंभीच्या काळी माणूस व प्राणी ह्यांना एकमेकांची रूपे सहज घेता येत, ही धारणा क्नूद रासमुसेन ह्याने १९२१ ते १९२४ च्या आपल्या मोहिमेत नोंदविली आहे.

साम्य उघड आहे. भेद अधिक शिकविणारा आहे. इन्युइट शिल्पातील रूपान्तर चालू असते. दगडाची वळणे एका देहातून दुसऱ्या देहात वाहत जातात, आणि सीमारेषा कोठे हे बोट ठेवून सांगता येत नाही. ते शिल्प हातात घेऊन फिरवून पाहण्याचे आहे. एका बाजूने अस्वल, दुसऱ्या बाजूने माणूस. पाहणाऱ्याचा हातच तेथे रूपान्तर घडवितो. भेडाघाटची योगिनी मात्र ओवरीत, भिंतीला पाठ लावून, समोर तोंड करून बसली आहे. तिच्यात काही घडत नाही. एक पाय खाली सोडून ललितासनात ती विसावली आहे. पशू होण्याची वेदना नाही, माणूस होण्याची धडपड नाही. फिरावे लागते ते पाहणाऱ्याला. वर्तुळाच्या कडेने तो एका ओवरीकडून दुसरीकडे जातो. स्त्रीमुख, स्त्रीमुख, मग एकाएकी सिंहमुख, पुन्हा स्त्रीमुख. रूपान्तर एका मूर्तीत नाही; ते एक्यायशी मूर्तींच्या मालिकेत आहे. वर्तुळाला आरंभ नाही आणि शेवटही नाही, म्हणून मूळ रूप कोणते आणि बदललेले कोणते हेही ठरविता येत नाही. कथेला लागणारे आधी-नंतर शिल्पकाराने अशा रीतीने वास्तूच्या रचनेत सोडवून घेतले आहे.

आणखीही एक भेद आहे. इन्युइट शिल्पकारांची जी पिढी १९५० नंतर जगासमोर आली तिच्यातील बहुतेक ख्रिस्ती झालेले होते. आजोबांच्या श्रद्धा त्यांनी स्मृती म्हणून कोरल्या, आणि दूरच्या शहरातील ग्राहकासाठी कोरल्या. भेडाघाटच्या मूर्ती विकण्यासाठी नव्हत्या आणि त्यांच्या काळी त्या स्मृतीही नव्हत्या. त्यांची पूजा होत असे. गंमत अशी की आज भेडाघाटच्या वाटेवर मऊ संगजिऱ्यातून मूर्ती कोरणाऱ्या कारागिरांची दुकाने आहेत, आणि दगडाच्या जातीने व व्यवहाराच्या रीतीने ते कारागीर त्या उत्तरेकडील शिल्पकारांचे अधिक जवळचे सोबती आहेत.

योगिनींविषयी समकालीन साहित्याची वृत्ती काय होती, हेही पाहिले पाहिजे. राजशेखर हा कवी ‘महाराष्ट्रचूडामणि’ म्हणून गौरविलेल्या अकालजलदाचा वंशज. तो कनौजला राहिला तसाच त्रिपुरीच्या राजसभेतही राहिला. ‘विद्धशालभंजिका’ ही त्याची नाटिका कलचुरी युवराजदेवाशी निगडित आहे. त्याच्या ‘कर्पूरमंजरी’ ह्या प्राकृत सट्टकात भैरवानंद नावाचा कौल सिद्ध आहे. तो मद्यमांसाची तोंडभर स्तुती करतो, राजाची करमणूक करतो, आणि आपल्या सामर्थ्याने विदर्भातील वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, येथून न्हाणाऱ्या राजकन्येला ओलेत्याने राजापुढे आणून उभी करतो. राजशेखराची दृष्टी विनोदाची आहे. कौल सिद्ध त्याच्या लेखी रंगतदार पात्र आहे. भय नाही, द्वेषही नाही.

उलट टोकाला सोमदेवसूरीचा ‘यशस्तिलकचंपू’. राष्ट्रकूट तिसरा कृष्ण ह्याच्या काळी, ९५९ मध्ये, तो पूर्ण झाला. चंडमारीच्या देवळातील महायोगिनींचे त्यातील वर्णन भयानक आणि बीभत्स ह्या दोन रसांचे आहे. ह्याच ग्रंथातील मुख्य कथा यशोधराची : पिठाचा कोंबडा बळी दिल्याबद्दल माता आणि पुत्र मोर, कुत्रा अशा पशुयोनींतून जन्मोजन्मी भटकतात. जैन कवीच्या दृष्टीने पशुरूप ही शिक्षा आहे, कर्माचे फळ आहे. राष्ट्रकूट आणि कलचुरी ह्यांच्यात पिढ्यान्पिढ्यांचे सोयरसंबंध होते. युवराजदेवाची मुलगी कुंदकदेवी राष्ट्रकूट अमोघवर्षाला दिली होती. म्हणजे ज्या सोयऱ्यांच्या एका घरच्या छायेत पशुरूप ही अधोगती म्हणून वर्णिले जात होते, त्याच सोयऱ्यांच्या दुसऱ्या घरी काही दशकांत पशुमुखाभोवती प्रभावलय कोरले गेले. दहावे शतक एकजीव नव्हते, हे ह्यावरून ध्यानात यावे. ‘मध्ययुगीन मनाला पशू म्हणजे अमुक’ असे एक वाक्य लिहिणाऱ्याने ह्या दोन साक्षी समोरासमोर ठेवून पाहाव्यात.

आणि नाथपरंपरेने स्वतः काय केले? बंगालीतील गोरक्षविजयाच्या कथेत मत्स्येन्द्र कदलीच्या स्त्रीराज्यात अडकतो, गोरक्ष मृदंगाच्या बोलांतून त्याला जागे करतो, आणि त्या स्त्रियांना शाप देऊन वटवाघळे करून टाकतो. ही कथा नीट पाहिली तर चकित व्हावे लागते. कौलज्ञाननिर्णय ज्या योगिनींच्या घरोघरच्या ज्ञानाचा गौरव करतो आणि ज्यांचे पशुपक्षी होणे हे त्यांचे स्वातंत्र्य मानतो, त्याच स्त्रियांचे पक्ष्यासारखे उडणे ह्या कथेत शाप झाले. सामर्थ्य तेच, कर्ता बदलला. पूर्वी त्या स्वतः रूप बदलीत, आता त्यांचे रूप बदलले जाते. मराठीत ‘योगिनी’चे ‘जोगीण’ आणि ‘जोगतीण’ झाले, त्या शब्दाच्या प्रवासातही हा उतार दिसतो. सिद्धीची स्वामिनी जोगवा मागणारी झाली.

तरी मूळ धारणा मराठी मातीत पूर्णपणे पुसली गेली असे म्हणता येत नाही. खंडोबाचा वाघ्या पहा. त्याच्या नावात व्याघ्र आहे आणि देवापुढे कुत्र्यासारखे भुंकण्याची, कोटंब्यातील अन्न तसेच खाण्याची चाल त्याच्या संप्रदायात काही ठिकाणी होती. गुंथर सोन्थायमर ह्यांनी ह्या आचारांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. किंवा रा. चिं. ढेरे ह्यांनी १९७८ च्या ‘लज्जागौरी’ ह्या ग्रंथात ज्या देवीचा मागोवा घेतला ती पहा. तिच्या मस्तकाच्या जागी कमळ असते. मानवी देह कायम ठेवून मस्तकाच्या जागी दुसरेच काही बसविण्याची कल्पना येथेही आहे. फक्त पशूच्या जागी फूल आहे. दैवत ओळखावयाचे ते मुखावरून, आणि मुखच जर माणसाचे नसेल तर त्या दैवताशी माणसासारखी सलगी करता येत नाही, हा विचार दोन्हींच्या मुळाशी असावा. वेरूळच्या चौदाव्या लेण्यातील मातृका मुलांना घेऊन बसल्या आहेत. त्यांच्यापुढे भक्त लेकरू होऊ शकतो. सिंहसिंहेपुढे तसे होता येत नाही. ती सौम्य बसली आहे, पण तिचे सौम्य असणे हे आपल्यासाठी नाही.

ह्या मूर्तींना ‘विद्रूप’ म्हणण्याची सवय सुटत नाही, म्हणून हे सांगावे लागते. शिल्पकाराला बीभत्स घडवावयाचे असते तर त्याने देहही तसाच घडविला असता. चामुंडेची हाडे आणि सुरकुत्या कोरण्याची हातोटी त्या काळच्या कारागिराकडे होती. त्याने तसे केले नाही. त्याने पशुमुखी योगिनीला तेच यौवन, तेच अलंकार आणि तेच प्रभावलय दिले जे शेजारच्या चंद्रमुखीला दिले. म्हणजे त्याच्या मते मस्तकाने देहाची प्रतिष्ठा कमी होत नव्हती. समतेचे एवढे निःशब्द विधान शोधूनही सापडणे कठीण.

ह्या विधानाला पुढे काय सोसावे लागले ते सर्वांसमोर आहे. भेडाघाटच्या मूर्ती फोडल्या गेल्या; आणि फोडणाऱ्याने मुख, हात व स्तन हीच लक्ष्ये निवडली. लोखरीच्या मूर्तींचे दैव निराळे. ससा, शेळी, अस्वल, साप अशा मुखांच्या त्या योगिनी उघड्या टेकडीवर होत्या; त्यांतील काही चोरांनी उचलल्या. वृषानना पॅरिसला एका संग्राहकाच्या घरी पोचली. त्याच्या पत्नीने ती २००८ मध्ये भारतीय वकिलातीच्या स्वाधीन केली, आणि २०१३ मध्ये ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आली. शेळीमुखी योगिनी इंग्लंडमधील एका घराच्या बागेत सापडली आणि जानेवारी २०२२ मध्ये, संक्रांतीच्या दिवशी, लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयाकडे सोपविण्यात आली. दोघी परतल्या ह्याचा आनंद आहेच. पण त्या परतल्या त्या आपल्या मालिकेत नव्हे. संग्रहालयातील एकटी वृषानना ही एक सुंदर आणि विचित्र मूर्ती आहे. वर्तुळातील वृषानना हे एका लांब वाक्यातील एक पद होते. वर म्हटल्याप्रमाणे रूपान्तर जर मालिकेत असेल, तर एक मूर्ती उचलून नेणारा चोर केवळ दगड नेत नाही. तो उरलेल्यांचाही अर्थ नेतो.

म्हणूनच भेडाघाटचे महत्त्व. मूर्ती भग्न आहेत, काही ओवऱ्या रिकाम्या आहेत, कित्येक नावे पुसली आहेत. तरी वर्तुळ जागेवर आहे. पाहणारा आजही दारातून आत शिरून डावीकडून उजवीकडे चालू शकतो, आणि हजार वर्षांपूर्वी कोरलेले ‘श्रीसिंहसिंहा’ हे नाव वाचून वर पाहू शकतो. आपल्या समीक्षेने रूपकाचा विचार पुष्कळ केला. एक वस्तू दुसरीसारखी आहे असे म्हणणे, किंवा एक वस्तू दुसरीच आहे असे म्हणणे, ह्या दोहोंतील अंतर अलंकारशास्त्राने बारकाईने मोजले. ही योगिनी सिंहासारखी नाही. ती सिंह झालेली नाही. तिच्या ठिकाणी उपमेय आणि उपमान असा भेदच उरलेला नाही. मानेपाशी दोहोंची सीमा आहे, आणि त्या सीमेवर शिल्पकाराने अलंकार घातला आहे.

वर उघडे आकाश आहे. योगिनी खेचरी, म्हणून तिच्या मंदिराला छप्पर नसते, असे सांगतात. घिरट्या घालणाऱ्या एखाद्या घारीची सावली ओवऱ्यांवरून सरकून जाते. मत्स्येन्द्राच्या पटलाप्रमाणे वागणारा साधक तेथे उभा असता तर त्याने दगडातील देवीला आणि वरच्या पक्ष्याला एकच नमस्कार केला असता. आपण तसे करीत नाही. पण तो नमस्कार कोणत्या दिशेने होता, हे समजून घेतल्यावाचून ह्या वर्तुळाचे वाचन पुरे झाले असे म्हणता येणार नाही.